ज्यांच्यापाशी दहा दिनार नव्हते

आमच्या घरच्या ओसरीत एक कॅलेंडर असायचे. साल बदलले की तारखांची पाने फाडली जायची, वरचे चित्र मात्र तसेच खिळ्याला राहायचे. निळ्या अष्टकोनी इमारतीवर सोन्याचा घुमट. अब्बा सांगायचे, ही मस्जिदे अक्सा, आपला पहिला किबला. येणारा-जाणारा त्याकडे बघून हळूच सुब्हानल्लाह म्हणायचा. कॉलेजात गेल्यावर आम्हाला कळले की चित्रातली इमारत अक्सा नव्हेच. ती कुब्बतुस्सखरा, खलिफा अब्दुल मलिकने सन ६९१-९२ च्या सुमारास एका खडकावर बांधलेली वास्तू. अक्सा तिच्या दक्षिणेला, राखाडी घुमटाची, छायाचित्रात सहसा न दिसणारी. अब्बांना हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बेटा, पूरा अहाताच हरम शरीफ आहे. चित्र उतरवायची गरज नाही." चित्र उतरले नाही. पण ज्या गावासाठी आपण इतके हळवे होतो, त्या गावाची आपल्याला नीट माहिती नाही, ही चुटपुट तेव्हापासून लागली.

बैतुल मुकद्दसचे नाव आमच्या मोहल्ल्यात वर्षातून दोनदा जोरात निघायचे. एकदा रमजानच्या अखेरच्या जुम्म्याला आणि एकदा शबे मेराजच्या जलशात. १९७९ सालच्या मेराजच्या जलशात आम्हाला भाषणासाठी उभे केले. विषय अर्थातच सुलतान सलाहुद्दीन अय्युबी. मिसरूड नुकते फुटलेले आणि उर्दू कादंबऱ्या वाचून रक्त तापलेले. आम्ही फिरंग्यांनी केलेली कत्तल सांगितली, रक्ताचे पाट सांगितले, सत्तर हजारांचा आकडा सांगितला. मग सुलतानाने शहर परत घेतले तेव्हा एकालाही हात लावला नाही, पुरुषामागे दहा दिनार, बाईमागे पाच, मुलामागे एक असा नाममात्र फिदिया घेऊन सर्वांना सोडले, असे सांगून मूठ आपटली. नाराए तकबीर झाला. मौलानांनी पाठ थोपटली.

घरी आलो तर दादी जागीच होती. चिकाच्या पडद्याआडून तिने सारे ऐकले होते. पानाचा डबा बंद करीत तिने एवढेच विचारले, "अच्छा बोला रे तू. पर जिनके पास दस दीनार नै थे, उनका क्या हुआ?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. "छोड़ दिया होगा, दादी," असे काहीतरी पुटपुटलो. ती "होगा" म्हणाली आणि झोपायला गेली.

हा प्रश्न दादीला का पडला, हे समजायला तिची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. दादीचे सासर पैनगंगेच्या पलीकडे, निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत मुसलमानांवर जे गुदरले, त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती आली होती. तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा होता. तो अहवाल वर्षानुवर्षे सरकारी दप्तरात पडून राहिला. दादीला अहवाल-बिहवाल काही ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होते ते गावच्या देशमुखांच्या वाड्यातले बळद. देशमुखीणबाईंनी तिला आणि आमच्या आठ वर्षांच्या अब्बांना तीन रात्री ज्वारीच्या बळदात लपवले. चौथ्या रात्री एका गाडीवाल्याने तिला नदीपर्यंत नेले आणि नावाड्याने पार केले. गाडीवाल्याने पायातला एक तोडा घेतला, नावाड्याने दुसरा. काठावर आणखी एक घर उभे होते, तिच्या ओळखीचे. त्यांच्यापाशी द्यायला काही नव्हते. पुराच्या पाण्यातून नाव सुटली तेव्हा ते काठावरच होते. त्यांचे पुढे काय झाले हे दादीला कधी कळले नाही.

आणि दादी आणखी एक गोष्ट सांगायची, जी आमच्या मोहल्ल्यात इतर कोणी सांगत नसे. त्याआधीच्या उन्हाळ्यात रजाकारांनी गावातली दोन घरे जाळली होती आणि त्या घरातल्या बायका रडत रस्त्यावर आल्या तेव्हा आपल्यापैकी कोणी दार उघडले नव्हते. "हमने बी नै खोला," असे ती स्वतःला धरून म्हणायची.

असो. त्या एका प्रश्नापायी आम्ही पुढे इतिहास घेऊन एम. ए. केले, तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि मिळेल तिथून बैतुल मुकद्दसची हकीकत गोळा करीत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते आमच्या वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट शब्दांची. आपण मराठीत या लढायांना 'धर्मयुद्धे' म्हणतो. शाळेच्या पुस्तकात यांवर एकच परिच्छेद असायचा आणि त्यातही हाच शब्द. पण मराठी कानाला धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेले युद्ध, ज्यात शरण आलेल्याला मारत नाहीत. त्या काळच्या अरबांकडे या लढायांसाठी वेगळे नाव नव्हते. आले ते 'इफ्रंज', म्हणजे फ्रँक. हाच शब्द फारसीतून फिरत आपल्याकडे 'फिरंगी' होऊन आला, कोकण-गोव्यातल्या पोर्तुगिजांना चिकटला आणि युरोपी पात्याच्या तलवारीलाही 'फिरंग' हे नाव देऊन गेला. बैतुल मुकद्दसच्या दारात ज्यांना प्रथम पाहून लोक घाबरले त्यांचे नाव आपण मराठीत रोज वापरतो, हे किती जणांच्या ध्यानात असते?

दुसरी गोष्ट अशी की फिरंगी आले तेव्हा ते शहर एका मुसलमान सत्तेने दुसऱ्या मुसलमान सत्तेकडून नुकतेच हिसकावले होते. १०९८ च्या उन्हाळ्यात कैरोच्या फातिमी फौजेने चाळीस दिवस वेढा घालून ते सेल्जुकांच्या तुर्क सरदारांकडून घेतले. फिरंगी तेव्हा अंताकियापर्यंत पोहोचले होते. कैरो आणि बगदाद यांची दोन खिलाफतींची भांडणे इतकी जुनी होती की येणारे संकट दोघांनाही एकमेकांविरुद्ध कामाला येईलसे वाटले. ७ जून १०९९ ला फिरंगी भिंतींपुढे आले. फातिमी सुभेदार इफ्तिखारुद्दौला याने दगा होईल या भीतीने शहरातल्या ख्रिस्ती रहिवाशांना आधीच बाहेर घालवले होते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली माणसे एका हुकुमाने वेशीबाहेर झाली. आम्ही जलशात हे कधी सांगितले नाही, कारण आम्हाला ते ठाऊकच नव्हते.

१५ जुलै १०९९, शुक्रवार. उत्तरेकडची भिंत पडली. पुढचे दोन दिवस जे झाले ते मारणाऱ्यांच्याच इतिहासकारांनी तपशिलाने लिहून ठेवले आहे. हरम शरीफमध्ये आसऱ्याला गेलेले लोक कापले गेले. अक्साच्या छतावर चढलेल्यांना टँक्रेड नावाच्या सरदाराने अभय म्हणून आपले निशाण दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी इतर फिरंग्यांनी त्यांना मारले. दमास्कसचा इब्न अल-कलानिसी लिहितो की यहुदी त्यांच्या प्रार्थनास्थळात जमले होते, ते त्यांच्यासह जाळले गेले. सुभेदार इफ्तिखारुद्दौला मात्र दाऊदच्या बुरुजात होता. त्याने पैसे देऊन वाटाघाट केली आणि आपल्या शिपायांसह अस्कलानला सुखरूप निघून गेला. ज्याच्यापाशी द्यायला काही होते तो सुटला, हे दादीला सांगितले असते तर तिने मान हलवली असती.

सत्तर हजारांचा आकडा इब्न अल-असीरचा आहे. त्याने तो शंभरेक वर्षांनंतर लिहिला. घटनेच्या काही वर्षे आधी त्या शहरात राहून गेलेला अंदलुसी आलिम इब्न अल-अरबी अक्सातल्या मृतांचा आकडा तीन हजार देतो. आजचे बहुतेक अभ्यासक तीन ते दहा हजारांच्या दरम्यान बोलतात. फिरंगी लेखकांनी घोड्याच्या लगामापर्यंत रक्त चढल्याचे लिहिले, ते त्यांच्या धर्मग्रंथातल्या कयामतच्या वर्णनावर बेतलेले. मारणाऱ्याने फुशारकीने आकडा फुगवला आणि मरणाऱ्यांच्या वारसांनी दुःखाने. तीन हजार म्हटल्याने गुन्हा हलका होतो असे कोणाला वाटत असेल, तर त्याने एका खेड्यातली सारी माणसे ओळीने उभी करून पाहावीत.

वाचलेल्यांपैकी काही दमास्कसला पोहोचले. तिथले काझी अबू साद अल-हरवी फिर्याद घेऊन बगदादला गेले. दरबारातल्यांनी अश्रू ढाळले. फौज निघाली नाही. कैरोच्या ज्यू वस्तीत सापडलेल्या जुन्या कागदपत्रांत त्या काळची पत्रे आहेत. अस्कलानच्या यहुद्यांनी कर्ज काढून, वर्गणी गोळा करून कैद्यांना आणि लुटलेल्या धर्मग्रंथांना पैसे देऊन सोडवले, त्याचा हिशेब त्यांत आहे. ही पत्रे आम्हाला सगळ्या शाही इतिहासांहून खरी वाटतात. त्यांत अमुक माणूस सुटला, अमुक आजारी आहे, अजून इतके पैसे हवेत, असा मजकूर आहे. दुःखात माणसे अशीच लिहितात.

मग अठ्ठ्याऐंशी वर्षे फिरंग्यांचे राज्य चालले. आमच्या भाषणात ही अठ्ठ्याऐंशी वर्षे एका वाक्यात उडून जायची. इथे कत्तल, तिथे सलाहुद्दीन, मध्ये अंधार. पण माणसे तर मधल्या वर्षांतच जगत असतात.

शहर जिंकले खरे, पण राहायला माणसेच उरली नाहीत. विल्यम ऑफ टायर हा त्याच राज्यातला इतिहासकार लिहितो की रहिवासी इतके थोडे होते की एक गल्लीही धड भरत नसे. मुसलमान आणि यहुदी यांना शहरात घर करून राहायची मनाई झाली. राजा बाल्डविन पहिला याने १११५ च्या सुमारास जॉर्डनपलीकडून अरबी बोलणारे ख्रिस्ती आणून वसवले. तरी बाजारात धान्य येईना. शेवटी ११२० मध्ये बाल्डविन दुसरा याने गहू, बार्ली, डाळी यांवरची जकात माफ केली आणि माल घेऊन येणाऱ्या मुसलमानांनाही ती माफी लागू केली. म्हणजे शहराला त्यांचे धान्य हवे होते, पण त्यांची वस्ती नको होती. वेशीवर दिवसा माल उतरवून संध्याकाळी परत फिरणारे ते शेतकरी काय मनात घेऊन फिरत असतील? वेशीच्या आतल्या एखाद्या घरात त्यांच्यातल्याच कोणाचा बाप जन्मला असेल.

कुब्बतुस्सखरावर सोन्याचा क्रूस चढला आणि ते देवाचे मंदिर म्हणून चर्च झाले. अक्सा आधी राजाचा वाडा झाली. पुढे ११२० च्या सुमारास टेंपलर नावाच्या साधू-शिपायांच्या संघाला ती मुख्यालय म्हणून मिळाली. तळघरातल्या कमानींखाली त्यांचे घोडे बांधले जात. यात्रेकरू सखरेचे तुकडे तोडून नेऊ लागले, तेव्हा फिरंग्यांनी खडकावर संगमरवर घातला आणि भोवती लोखंडी जाळी बसवली. पण ११७३ मध्ये तिथे गेलेला अली अल-हरवी हा प्रवासी नोंदवतो की भिंतींवरच्या कुराणातल्या आयती जशाच्या तशा होत्या. कोणी त्या खरवडल्या नाहीत. वाचता येत नव्हत्या म्हणून, की सुंदर होत्या म्हणून, देव जाणे.

त्याच शहरात राणी मेलिसेंदे होऊन गेली. बाप फ्रँक, आई अर्मेनियन. तिच्या काळात छताचे बाजार बांधले गेले, ते आजही जुन्या शहरात उभे आहेत. यात्रेकरूंसाठी शिजवलेले अन्न विकणाऱ्या गल्लीला लोक 'वाईट स्वयंपाकाची गल्ली' म्हणत. संत जॉनच्या दवाखान्यात शेकडो रुग्णांची सोय होती, आणि मुसलमान व यहुदी रुग्णही तिथे घेतले जात असे त्या काळच्या एका वर्णनात आहे. राहायला घर नाही पण आजारी पडलात तर खाट आहे, असे ते राज्य होते.

उसामा इब्न मुन्किज या सरदाराची हकीकत तर आम्ही वर्गात न चुकता सांगायचो. दमास्कसचा वकील म्हणून तो ११४० च्या सुमारास बैतुल मुकद्दसला जायचा. अक्साच्या बाजूला एक लहानशी मशीद होती, तिचेही चर्च केले होते. ओळखीचे टेंपलर त्याला नमाजसाठी ती मोकळी करून देत. एकदा तो नमाजला उभा असताना युरोपातून नवाच आलेला एक फिरंगी धावत आला आणि त्याने त्याचे तोंड पूर्वेकडे फिरवले, "अशी प्रार्थना कर" म्हणाला. टेंपलरांनी त्याला ओढून बाहेर नेले. तो पुन्हा घुसला. पुन्हा बाहेर काढला. मग त्यांनी उसामाची माफी मागितली, की हा नवखा आहे, याने किब्ल्याकडे तोंड करून प्रार्थना करणारा कोणी पाहिलेला नाही. याच टेंपलरांचे घोडे अक्साखाली बांधलेले होते, हे आपण विसरू नये. पण एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे राहिलेला शत्रू आणि नुकताच उतरलेला शत्रू यांत फरक पडतो, हे त्याने पाहिले आणि लिहून ठेवले.

खेड्यांत काय चालले होते? ११८४ मध्ये इब्न जुबैर हा अंदलुसी हाजी तिबनीनहून अक्काकडे जाताना मुसलमान शेतकऱ्यांची गावे पाहतो. अर्धे पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात एवढे फिरंग्यांना द्यायचे, बाकी घरदार त्यांचे त्यांच्याकडे. शेजारच्या मुसलमान जहागिरदारांची रयत यांच्याकडे बघून हळहळते, हे लिहिताना त्याला लाज वाटते. पण तो लिहितो.

नाब्लुसच्या बाजूला मात्र याच्या उलट चित्र होते. तिथल्या फिरंगी जहागिरदाराने माणशी कर एका दिनारवरून चारवर नेला आणि लोकांचे पाय तोडायलाही तो मागेपुढे पाहीना. जम्माईल गावचे हंबली आलिम अहमद इब्न कुदामा यांनी ११५६ मध्ये गुपचूप गाव सोडले आणि दमास्कस गाठले. मागोमाग घरची माणसे आणि आसपासच्या गावांतले लोक निघाले. कासियून डोंगराच्या उतारावर त्यांनी सालिहिया नावाची वस्ती केली. त्या निर्वासितांत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता, मुवफ्फकुद्दीन. पुढे त्याने 'अल-मुग्नी' लिहिले, जे आजही फिकहच्या मदरशांत वाचले जाते. सलाहुद्दीनची फौज बैतुल मुकद्दसकडे निघाली तेव्हा हे दोघे भाऊ, तो आणि अबू उमर, तिच्यात होते. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला बळदातला आठ वर्षांचा मुलगा आठवला. अब्बांनी काही ग्रंथ लिहिला नाही. पैनगंगेच्या अलीकडे शिवणयंत्र घेतले आणि चार मुले शिकवली.

आता दादीच्या प्रश्नाकडे. ४ जुलै ११८७ ला हित्तीनच्या टेकडीवर फिरंग्यांचे सैन्य संपले. त्या लढाईनंतर पकडलेल्या टेंपलर आणि हॉस्पिटलर शिपायांना सुलतानाने ठार करवले, हे आमच्या भाषणात नसायचे. २० सप्टेंबरला बैतुल मुकद्दसला वेढा पडला. शहरात निर्वासितांची दाटी झाली होती. बचावाची सूत्रे बालियन ऑफ इबेलिनकडे होती. सुलतान प्रथम १०९९ चा बदला घेण्याच्याच गोष्टी बोलत होता. बालियनने निरोप दिला की अभय मिळत नसेल तर आम्ही आमची बायकामुले मारू, आमच्याकडचे पाच हजार मुसलमान कैदी मारू, सखरा आणि अक्सा पाडू आणि मग बाहेर येऊन मरू. तेव्हा तडजोड झाली. सुलतानाची दया खरी होती, पण ती वाटाघाटीतून आली होती. आम्हाला वाटते, यात कमीपणा काही नाही. शत्रूला मारायची शपथ घेतलेला माणूस ऐकून घेतो आणि शपथ बाजूला ठेवतो, हे मुळातच सोपे नसते.

२ ऑक्टोबर ११८७, रजबची २७ तारीख, शुक्रवार. शहर शरण आले. पुरुषामागे दहा, बाईमागे पाच, मुलामागे एक दिनार, मुदत चाळीस दिवस. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते अशा सुमारे सात हजारांसाठी बालियनने एकरकमी तीस हजार दिनार भरले. सुलतानाचा भाऊ अल-आदिल याने हजार गुलाम बक्षीस मागून घेतले आणि जागीच मुक्त केले. सुलतानाने म्हातारे सोडले, विधवांना आणि अनाथांना मदत दिली. पेट्रिआर्क हेराक्लियस आपले दहा दिनार मोजून, चर्चचे सोनेनाणे गाड्यांत भरून निघाला. गरीब ख्रिस्ती मागे राहत असताना हा खजिना घेऊन चाललाय, तो अडवा, असे सरदारांनी सुचवले. सुलतान म्हणाला, शब्द दिला आहे.

आणि तरीही माणसे उरली. सुमारे पंधरा हजार. सात हजार पुरुष, आठ हजार बायका आणि मुले. त्यांच्यापाशी दहा दिनार नव्हते, पाच नव्हते, एकही नव्हता. ते गुलाम झाले, वाटले गेले, विकले गेले. हा आकडा कोणा फिरंग्याने बदनामीसाठी लिहिलेला नाही. तो सुलतानाचा स्वतःचा चिटणीस इमादुद्दीन अल-इस्फहानी याने लिहिला आहे, आणि त्या बायकांचे वर्णन तर त्याने अशा रंगात केले आहे की वाचताना आमची मान खाली गेली.

दादीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला मिळाले ते १९९३ साली, नागपूरच्या एका ग्रंथालयात. दादी १९९१ मध्येच गेली होती.

पुष्कळ दिवस आम्ही हे कोणाला सांगितले नाही. ते दिवसच तसे होते. बाबरी पडलेली, मुंबई जळलेली. त्या वेळी सलाहुद्दीनची कोणतीही उणी बाजू काढणे म्हणजे घरचा एकुलता कंदील फुंकण्यासारखे वाटे. मोहल्ल्यातली पोरे त्याचे नाव घेऊनच उभी राहत होती. मग हळूहळू लक्षात आले की आपण तेच करतो आहोत ज्याबद्दल इतरांना बोल लावतो. आपल्यावरची कत्तल सत्तर हजारांनी सांगायची आणि आपल्या हातून झालेले पंधरा हजार गाळायचे. दादीने रजाकारांनी जाळलेली दोन घरे गाळली नव्हती. तिला शाळा ठाऊक नव्हती, पण ती आमच्याहून चांगली इतिहासकार होती.

सुलतान याने लहान होतो का? आम्हाला तसे वाटत नाही. त्या काळात जिंकलेल्या शहरातली माणसे गुलाम करणे हा सर्वांचाच रिवाज होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारची आठवण ताजी असताना शहरात कत्तल होऊ न देणे हा रिवाज नव्हता. होली सेपल्करचे चर्च पाडा, म्हणजे फिरंगी परत यायचे कारणच उरणार नाही, असा सल्ला काहींनी दिला. खलिफा उमरने जे राखले ते आपण का पाडायचे, असे म्हणून त्याने ते राखले. यहुद्यांना पुन्हा शहरात राहायची मुभा दिली. नूरुद्दीन झंगीने बैतुल मुकद्दस मिळेल तेव्हा तिथे ठेवू म्हणून ११६८-६९ मध्ये हलबमध्ये घडवायला घेतलेला लाकडी मिंबर अक्सात आणून बसवला. तो बनवून घेणारा विजय पाहायला नव्हता. आठशे वर्षे तो मिंबर टिकला आणि २१ ऑगस्ट १९६९ ला एका माथेफिरू ऑस्ट्रेलियन ख्रिस्त्याने लावलेल्या आगीत जळाला. जॉर्डनमध्ये तशाच जोडकामाचा नवा मिंबर घडवून २००७ मध्ये तिथे बसवला गेला.

सलाहुद्दीननंतरची हकीकतही जलशात येत नाही. त्याचा पुतण्या अल-कामिल याने १२२९ मध्ये आपसांतल्या भांडणापायी तेच शहर सम्राट फ्रेडरिकला करार करून देऊन टाकले, फक्त हरम शरीफ मुसलमानांकडे ठेवले. दमास्कसच्या मशिदीत लोक रडले. १२४४ मध्ये ख्वारिज्मी टोळ्यांनी ते लुटले, आणि त्या वेळी कापले गेले ते ख्रिस्ती होते. शहर कोणा एकाचे होऊन राहिले नाही. दर वेळी वेशीबाहेर पडणाऱ्यांची भाषा तेवढी बदलली.

बैतुल मुकद्दसमध्ये बाबुज्जाहिराजवळ एक जागा आहे, झाविया अल-हिंदिया. बाबा फरीद सलाहुद्दीनच्या नंतरच्या काळात तिथे मुक्काम करून होते, अशी परंपरा आहे. तेव्हापासून ती हिंदी यात्रेकरूंची सराय, आणि १९२४ पासून सहारनपूरकडच्या अन्सारी घराण्याने ती सांभाळली आहे. आमच्या भागात वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर याच बाबा फरीदांच्या नावाचा दर्गा आहे. दादी दरवर्षी तिथे जायची. हिंदू बायकाही नवस फेडायला येतात. दादी कधी बैतुल मुकद्दसला जाणार नव्हती. पण जिथे फिरंग्यांचे घोडे बांधले गेले, जिथे पंधरा हजार मोजले गेले, त्या शहरात एका फकिराने येऊन बिऱ्हाड केले आणि त्याच फकिराच्या नावाने ती गिरडच्या पायऱ्या चढत होती, एवढा धागा आम्हाला पुरतो.

गेल्या वर्षी मेराजच्या जलशात आमचा नातू बोलणार होता. "दादाजान, सलाहुद्दीनवर लिहून द्या ना," म्हणून मागे लागला. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्याने सगळे पाठ केलेच होते, तेच सत्तर हजार, तीच मूठ. आम्ही त्याला दोन पाने लिहून दिली. त्यांत बाहेर घालवलेले ख्रिस्ती होते, जाळलेले यहुदी होते, उसामाची नमाज होती, अल-आदिलचे हजार होते आणि शेवटी ते पंधरा हजार होते. पोराने वाचले. म्हणाला, "हे शेवटचं बोललो तर लोक चिडतील."

आम्ही त्याला दादीच्या तोड्यांची गोष्ट सांगितली. ती त्याला कोणी सांगितलीच नव्हती. आम्हीच सांगितली नव्हती. तो बराच वेळ बसून राहिला.

जलशात तो बोलला. शेवटचे वाक्य बोलताना त्याचा आवाज जरा खाली गेला, पण बोलला. नाराए तकबीर झाला नाही. जलसा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्याजवळ आले, पैनगंगेपलीकडचे. "मास्तर, पोराने तो आकडा कुठून आणला?" असे विचारले. आम्ही सांगितले, सुलतानाच्या चिटणीसाच्या लिखाणातून. ते म्हणाले, "आपल्याच माणसाने लिहून ठेवलं होतं म्हणा." आणि मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या गावच्या काठावरही काही घरं राहिली होती."

आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि कागद काढला.